गोदोची वाट कुठे पाहिली गेली?

कंदीलवाला:

परवा आमच्या वाचनकट्ट्यावर सॅम्युएल बेकेटवर बोलायला एक पाहुणे आले होते. तासाभरात 'जीवनाची निरर्थकता' सतरा वेळा मोजली, मग मोजणं सोडून चहाकडे वळलो. 'वेटिंग फॉर गोदो'चं नाव निघालं की आपल्याकडे हे ठरलेलंच. दोन फाटके इसम, एक वाळकं झाड, गोदो नावाचा कुणी येणार म्हणून थांबलेत, तो काही येत नाही, सबब आयुष्याला अर्थ नाही. दहापैकी सात मार्क.

मला हे पटत नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की ही वाट बेकेटने स्वतः पाहिलेली आहे, आणि तिला गाव आहे, साल आहे.

बेकेटचा जन्म १९०६चा, डब्लिनजवळच्या फॉक्सरॉकमधल्या सुखवस्तू प्रॉटेस्टंट घरातला. ट्रिनिटी कॉलेजात फ्रेंच आणि इटालियन शिकला, पॅरिसला जाऊन कादंबरीकार जेम्स जॉइसच्या गोतावळ्यात रमला, परत येऊन ट्रिनिटीत शिकवायला लागला आणि चार सत्रांत राजीनामा देऊन मोकळा झाला. १९३९ साली युद्ध जाहीर झालं तेव्हा तो आयर्लंडमध्ये आईकडे होता. देश तटस्थ. बसायचं ना गप्प? हा गडी उलटा पॅरिसला गेला. शांततेतल्या आयर्लंडपेक्षा युद्धातला फ्रान्स बरा वाटला, असं पुढे म्हणायचा.

जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर आल्फ्रेद पेराँ या मित्राने त्याला भूमिगत चळवळीच्या 'ग्लोरिया' गटात ओढलं. काम काय, तर जर्मन सैन्याच्या हालचालींबद्दल चिठ्ठ्याचपाट्यांवर आलेली माहिती जुळवायची, इंग्रजीत आणायची, टाइप करायची. मग तिचे बारीक फोटो काढून ते देशाबाहेर जायचे. ऑगस्ट १९४२ मध्ये एका पाद्र्याने गट फोडला. पेराँ पकडला गेला. त्याच्या बायकोची तार आली म्हणून बेकेट आणि त्याची सोबतीण सुझान निसटले. लपतछपत, बरंचसं पायी, दक्षिणेकडच्या रूसियाँ गावात पोचले आणि दोनेक वर्षं तिथेच अडकले. दिवसा शेतावर राबायचं, संध्याकाळी कादंबरी लिहायची आणि बातमीची वाट पाहायची. दोस्त फौजा कधी येणार? आज नाही, उद्या नक्की. नाटकात गोदोकडून हाच निरोप घेऊन एक पोरगा येतो, आठवा.

पेराँ माउटहाउझेनच्या छळछावणीत गेला. सुटका झाली, पण घरी पोचायच्या आतच मेला.

नाटक लिहिलं ऑक्टोबर १९४८ ते जानेवारी १९४९ या काळात, फ्रेंचमध्ये. त्या फ्रेंच संहितेत त्या दोन फाटक्या इसमांपैकी व्लादिमिर दुसऱ्याला, एस्ट्रागॉनला, आठवण देतो, की अरे आपण वोक्लूजमध्ये नव्हतो का, रूसियाँला, बोनेली म्हणून एकाच्या मळ्यात द्राक्षं तोडली होती. बोनेली हा त्या गावचा खराखुरा शेतकरी. बेकेट त्याच्याकडून वाइन घ्यायचा. 'तिथे सगळं लाल असतं,' असंही व्लादिमिर म्हणतो. रूसियाँ गेरूच्या खाणींचं गाव आहे, तिथल्या भिंतीसुद्धा लाल.

'अ‍ॅब्सर्ड' म्हणजे 'निरर्थकतेचं नाटक' हा शिक्का समीक्षक मार्टिन एस्लिनने मारला तो १९६१ मध्ये, म्हणजे नाटक लिहून झाल्यावर बारा वर्षांनी. आपण शिक्का वाचतो, पाकिटातलं पत्र वाचत नाही. घ्या, खोडा माझं म्हणणं.


तिसरीघंटा:

खोडतो. लेख छान, युक्तिवाद कच्चा.

तुम्ही फ्रेंच संहितेवर थांबलात. इंग्रजी भाषांतर बेकेटनेच केलंय, ते उघडा. तिथे त्याच जागी व्लादिमिर बोटं चुटकारतो आणि म्हणतो, त्या माणसाचं नाव आठवत नाही, त्या जागेचंही नाव आठवत नाही. बोनेली गेला, रूसियाँ गेलं. लेखकाने स्वतःच्या हाताने पुसलं. हस्तलिखितात एस्ट्रागॉनचं नाव आधी 'लेव्ही' होतं. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये लेव्ही या ज्यू नावाचा माणूस रंगमंचावर उभा केला असता तर तुम्हाला हवं तेच नाटक झालं असतं. त्याने ते होऊ दिलं नाही. लेव्ही काढला आणि तिथे एस्ट्रागॉन घातला, म्हणजे एका मसाल्याच्या पाल्याचं नाव!

जो माणूस प्रत्येक खर्ड्यात पत्ते खोडत गेला, त्याच्या खोडलेल्या ओळी पुन्हा गिरवून 'हेच खरं नाटक' म्हणायचं, याला मी वाचन म्हणणार नाही, पंचनामा म्हणेन. गोदो कोण, असं दिग्दर्शक अ‍ॅलन श्नायडरने विचारलं तेव्हा बेकेट म्हणाला, मला ठाऊक असतं तर नाटकातच सांगितलं असतं.

आणखी एक. १९ नोव्हेंबर १९५७ला कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात या नाटकाचा प्रयोग झाला. १४०० कैदी. दंगा होईल अशी नटांना भीती होती, पण कैदी शेवटपर्यंत बसले. त्यांना वोक्लूज कुठे आहे ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. तुमच्या वाचनाने चाललं तर त्या १४०० जणांना नाटक कळलंच नाही असं म्हणावं लागेल. म्हणता?


कंदीलवाला:

नाही म्हणत. पण 'नाव आठवत नाही' हे स्टेजवर बोलणं आणि नाव मुळात नसणं यात फरक आहे. तो बोटं चुटकारतो, म्हणजे काहीतरी होतं. इंग्रजीत बेकेटने ते वाक्य कापलं नाही, विसरण्याचा अभिनय लिहिला. मित्र छावणीत मेलाय, गाव मागे पडलंय, आणि नाव जिभेच्या टोकावर येऊन अडतंय. मला तर इंग्रजीत युद्ध जास्तच दिसतं.


उगाचच:

दोघंही विद्वान आहात, म्हणून मी अडाण्याची बाजू घेतो. नाटक कंटाळवाणं आहे हो. एकदा मुंबईत पाहिलं, मध्यंतरात बाहेर आलो, वडापाव खाल्ला आणि घरी गेलो. तुमच्याच बेकेटबद्दल एका समीक्षकाने लिहून ठेवलंय की या नाटकात काहीही घडत नाही, तेही दोनदा. अमेरिकेत १९५६ला मायामीत 'दोन खंडांना हसवणारं नाटक' अशी जाहिरात करून लोक जमवले, आणि पहिल्या अंकानंतर ते लोक टॅक्सी शोधत होते. मी त्या मायामीकरांच्या पाठीशी आहे.

अवांतर: हा माणूस प्रथम दर्जाचं क्रिकेट खेळलाय. डब्लिन विद्यापीठाकडून नॉर्थम्पटनशरविरुद्ध १९२५ आणि १९२६ साली दोन सामने, एकूण ३५ धावा, सरासरी ८.७५. डावखुरा. साहित्याचं नोबेल आणि क्रिकेटच्या 'विझ्डन' वार्षिकात नोंद असलेला हा एकटाच. सरासरी पाहता नाटकाकडे वळला ते बरं केलं, एवढंच म्हणेन.


तिसरीघंटा:

@उगाचच, 'काही घडत नाही, तेही दोनदा' हे व्हिव्हियन मर्सिअरचं वाक्य, १९५६ साली 'आयरिश टाइम्स'मधलं, आणि ते कौतुकाने लिहिलंय. काही घडत नसताना प्रेक्षक खुर्चीला खिळतो, असं नाटक याने करून दाखवलं, असा तिथला सूर आहे. अर्धं वाक्य उचलून वडापावला लावू नका. पहिल्या अंकानंतर निघालात, म्हणजे 'दोनदा' तुम्ही पाहिलंच नाहीत.


उगाचच:

बरं. एकदाच घडलं नाही.


लिफीकाठची:

डब्लिनहून लिहितेय, नोकरीनिमित्त इथे आठ वर्षं झाली. तुमच्या भांडणात आयर्लंडच गळालंय, म्हणून आले.

रोज ऑफिसला जाताना लिफी नदीवरचा सॅम्युएल बेकेट पूल ओलांडते. २००९चा, आडव्या हार्पसारखा दिसतो. आयरिश नौदलाच्या एका गस्ती जहाजालाही त्याचं नाव आहे. गंमत बघा, याच देशाने १९३४ साली त्याच्या पहिल्या कथासंग्रहावर बंदी घातली होती. १९५८च्या नाट्यमहोत्सवात आर्चबिशपने जॉइसच्या कादंबरीवर बेतलेल्या आणि शॉन ओकेसीच्या नाटकांवर नाक मुरडलं, तेव्हा बेकेटने आपली नाटकं तर मागे घेतलीच, वर आयर्लंडमध्ये माझं काहीच करायचं नाही असं बजावलं. १९६०पर्यंत ते चाललं. आता जहाज.

कंदीलवालांना सांगायचं ते हे. तुम्ही रूसियाँ शोधलंत, पण इंग्रजी गोदोत आयर्लंड जागोजागी आहे. वाटेने येणारा जमीनदार पोझो, त्याचा पाइप हरवतो तेव्हा तो 'कॅप अँड पीटरसन' म्हणून ओरडतो. ती डब्लिनची पाइपची पेढी. फ्रेंचमध्ये तिथे वेगळंच नाव आहे. त्यावर एस्ट्रागॉन त्या पाइपला 'डुडीन' म्हणतो, हा चिलमीसाठीचा अस्सल आयरिश शब्द. पोझोचा नोकर लकी, त्याच्या त्या लांबलचक बडबडीत कॉनेमारा हा आयर्लंडचा पश्चिमेकडचा भाग येतो. म्हणजे भाषांतर करताना त्याने फ्रान्सचे पत्ते काढले आणि गावाकडचे दोनचार आत सरकवले. तिसरीघंटा, 'प्रत्येक खर्ड्यात पत्ते खोडत गेला' हेही तितकंसं खरं नाही.

आता खरी गोष्ट. इथून आगगाडीने अर्ध्या तासावर डन लेअरी बंदर आहे. त्याच्या पूर्वेकडच्या धक्क्यावर पाटी आहे, तिच्यावर बेकेटच्याच 'क्रॅप्स लास्ट टेप' या नाटकातला उतारा. एकोणसत्तर वर्षांचा क्रॅप तिशीतल्या स्वतःच्या आवाजाच्या टेप ऐकत बसतो. तरुण क्रॅप सांगत असतो की मार्चमधल्या एका वादळी रात्री धक्क्याच्या टोकाशी उभा असताना मला सगळं लख्ख दिसलं. काय दिसलं ते आपल्याला कळत नाही, कारण म्हातारा वैतागून टेप पुढे पळवतो. लोक धक्क्यावर फिरायला येतात, पाटी वाचतात, वारा खातात आणि समजतात की बेकेटला साक्षात्कार झाला तो इथे. मीही पहिल्यांदा गेले तेव्हा दहा मिनिटं भारावून उभी होते, छत्री उलटी झाली तरी.

आणि ते चूक आहे! बेकेटने त्याचा चरित्रकार जेम्स नोल्सनला बजावून सांगितलंय की धक्क्यावरचा प्रकार क्रॅपचा, माझा प्रकार आईच्या खोलीत झाला, एकदाचं हे स्पष्ट करा. युद्धानंतर तो फॉक्सरॉकला आईकडे आला होता, तिचे हात कंपवाताने थरथरत होते. त्या खोलीत त्याला उमगलं की जॉइस सगळं भरत गेला, आपला रस्ता काढत जाण्याचा. घडलं खोलीत आणि पाटी लागली समुद्रावर. नाटकात तर बंदराचं नावसुद्धा नाही.


तिसरीघंटा:

लिफीकाठची ताई, तुम्ही माझं काम करून टाकलंत. आयुष्यावरून नाटक वाचलं की अशा चुकीच्या ठिकाणी पाट्या लागतात. कंदीलवाला रूसियाँत अशीच एक पाटी ठोकायला निघालेत.


कंदीलवाला:

पाटी चुकीच्या जागी लागली म्हणून खोली खोटी ठरते का? साक्षात्कार झालाच नव्हता असं ताई म्हणत नाहीयेत. तो हलवला, असं म्हणतायत.


विंगेतून:

बराच वेळ वाचतोय, आता बोलतो, कारण इथे हे नाटक प्रत्यक्ष केलेलं कुणी दिसत नाही. आम्ही केलंय, राज्य नाट्य स्पर्धेसाठी, मराठीत. नंबर आला नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात 'आशय प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही' असं होतं, मी ती चिठ्ठी जपून ठेवलीय.

कंदीलवाला, तुमचंच सगळं मी तालमीच्या पहिल्या आठवड्यात पोरांना सांगितलं होतं. गट, तार, पाद्री, रूसियाँ, पेराँ. पोरं भारावली. आणि दुसऱ्या दिवसापासून नाटक मेलं. दोघंही हुतात्मा स्मारकासारखे उभे राहायला लागले. 'काही करण्यासारखं नाही' हे पहिलं वाक्य एस्ट्रागॉन बूट ओढताना बोलतो. बूट निघत नाही म्हणून बोलतो! आमचा पोरगा ते फ्रान्सच्या पतनाबद्दल बोलल्यासारखं म्हणायला लागला. पंधरा दिवस गेले ते उतरवायला. शेवटी त्याला एक नंबर लहान बूट आणून दिला आणि सांगितलं, इतिहास विसर, हा काढून दाखव. तेव्हा कुठे पहिल्यांदा हशा आला.

त्यामुळे या मुद्द्यावर मी तिसरीघंटाच्या बाजूचा. पण पूर्ण नाही. शेवटाकडे दोघं फास लावून घेण्याचा विचार करतात, दोर नसतो, म्हणून एस्ट्रागॉन पँट बांधलेली दोरी सोडतो. पँट घोट्यापर्यंत खाली येते. दोरी ओढून बघतात तर तुटते. आम्ही पायजमा आणि नाडी घेतली. आमचा नट म्हणाला, सर, समोर आई बसणार आहे, अर्धाच खाली येऊ दे. मी मान्य केलं. मग वाचण्यात आलं की पॅरिसला जानेवारी १९५३च्या पहिल्या प्रयोगातही हेच झालं होतं. नट पँट पूर्ण पडू देत नव्हता, आणि बेकेटला ते कळल्यावर त्याने दिग्दर्शक रोजे ब्लँला पत्र धाडलं की पँट पूर्ण, घोट्यापर्यंत, पडलीच पाहिजे. गोदो कोण ते सांगणार नाही, पण पँट किती इंच, यावर तडजोड नाही. आम्ही दुसऱ्या प्रयोगात पूर्ण पाडली. नाडी तुटल्यावर जो हशा आला तो मध्येच थांबला, आपोआप. दोर तुटल्यामुळे माणूस वाचलाय, हे लोकांच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला असावा. मग व्लादिमिर सांगतो, पायजमा वर घे. हा विचारतो, काढू? 'वर! वर घे!' पुन्हा हशा. मग 'जायचं?' 'चल, जाऊ,' आणि दोघं हलत नाहीत.

आई हसली, हे नमूद करतो.


अर्धाकप:

मुलींनी केलेलं चालतं का हे नाटक? आमच्या कॉलेजात केलं होतं, परवानगी वगैरे कोण घेतो.


तिसरीघंटा:

बेकेटला चालत नव्हतं. १९८८ला नेदरलँड्समध्ये बायकांनी केलं तेव्हा तो कोर्टात गेला, हरला, आणि चिडून त्या देशात आपल्या नाटकांना मनाई केली. स्त्रियांना प्रोस्टेट नसते, हे त्याचं यावरचं उत्तर प्रसिद्ध आहे, कारण व्लादिमिरला सारखं लघवीला पळावं लागतं. त्याच्या पश्चातही वारसांनी तोच हेका धरलाय. २०२३ला नेदरलँड्सच्याच एका विद्यापीठात उलटं झालं, फक्त पुरुषांची निवडचाचणी घेतली म्हणून प्रयोगच रद्द झाला. या बाबतीत मी बेकेटच्या विरुद्ध आहे, हे आधीच सांगून ठेवतो.


कंदीलवाला:

थांबा. हे माझ्या कामाचं आहे.

बघा, या माणसाने लेव्ही सोडला, बोनेली सोडला, रूसियाँ सोडलं, बंदराचं नाव सोडलं. पण प्रोस्टेट सोडायला तयार नाही, त्यासाठी कोर्टात जातो. पँट सोडायला तयार नाही, त्यासाठी पत्र लिहितो. बुटात पाय सुजलाय तो सुजलेलाच पाहिजे. म्हणजे पत्ते पुसले, दुखणी ठेवली. तीन वर्षांच्या पळापळीत अंगावर जे उमटतं ते सगळं नाटकात आहे: पाय, भूक, खंदकात झोपणं, रात्री अनोळखी माणसांचा मार. एस्ट्रागॉनला पहिल्याच पानावर विचारलंय, रात्री मारलं का तुला? तो म्हणतो, मारलं की. कोणी, का, काही नाही.

विंगेतून, तुमच्या पोरांना मी नावं सांगितली असती तर ते पुतळे झालेच असते, हे मान्य. माझा सुरुवातीचा 'गाव आहे, साल आहे' हा सूर मी मागे घेतो. युद्ध मात्र घेत नाही.


तिसरीघंटा:

अर्ध्यावर आलात, पुरे. पण भूक आणि सुजलेले पाय सगळ्यांचेच असतात, त्यासाठी भूमिगत व्हावं लागत नाही. सॅन क्वेंटिनवाल्यांना ते पाय ओळखीचे वाटले, ते याच कारणाने. मी जागेवरच आहे.


लिफीकाठची:

सुजलेल्या पायांबद्दल बोलताय तर एक भर. स्वतःच्या चळवळीतल्या कामाला बेकेट 'पोरांचं स्काउटिंग' म्हणायचा. फ्रान्सने १९४५ला क्र्वा द गेर हे युद्धातल्या शौर्याचं पदक दिलं, ते तो कुणाला सांगत फिरला नाही. आणि युद्ध संपल्यावर घरी बसायचं सोडून आयरिश रेड क्रॉसबरोबर नॉर्मंडीत सँ-लोला गेला. दोस्तांच्याच बॉम्बहल्ल्यात ते गाव भुईसपाट झालं होतं. तिथल्या इस्पितळात तो भांडारपाल आणि दुभाष्या होता. गोदो लिहिण्याआधी तीन वर्षं. हे कुणाच्या बाजूने जातं ते तुम्ही ठरवा, मला आता गाडी पकडायचीय.


उगाचच:

भांडारपाल हे आवडलं. इतका वेळ कुणी मला हा माणूस औषधांच्या खोक्यांची मोजदाद करताना दाखवला नव्हता. विंगेतून, पुन्हा प्रयोग लावलात तर सांगा, दुसऱ्या अंकापर्यंत बसतो. एक शंका: पहिल्या अंकात तो गाजर मागतो आणि खिशातून सलगम निघतो असं आठवतंय. आपल्याकडे सलगम कुठे मिळतो? मुळा वापरला का?


विंगेतून:

मुळा वापरता येत नाही, तो दुसऱ्या अंकात लागतो. तिथे एस्ट्रागॉनला काळा मुळा मिळतो आणि तो नाकारतो, त्याला गुलाबी हवा असतो. सलगमाऐवजी आम्ही नवलकोल घेतला. कच्चा नवलकोल आमच्या नटाला अजिबात आवडायचा नाही, त्यामुळे चावताना चेहरा आपोआप बरोबर व्हायचा. कंदीलवालांकडून एकच गोष्ट मी तालमीत ठेवली होती. युद्धात लोक कंदमुळांवर जगले, हे त्याला सांगितलं होतं, म्हणून तो नवलकोल फेकायचा नाही. तोंड वाकडं करून खिशात परत ठेवायचा. स्पर्धेच्या दिवशी प्रयोगानंतर कपडे गोळा केले तेव्हा कोटाच्या खिशात तीन तुकडे निघाले, तालमीतले, सुकलेले.